बिडकीनच्या तीन फाइली

आमच्या ऑफिसात मंजुरी म्हणजे आहेरातला ब्लाऊजपीस होता. लग्नात मिळालेला ब्लाऊजपीस कुणी उलगडून बघत नाही. घडी तशीच कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात तीच घडी दुसरीच्या हातात पडते. एखादा पीस तर चार गावं फिरून मूळ बाईकडं परत येतो आणि तीही त्याला ओळखत नाही, कारण तिनंही तो कधी उलगडलेला नसतो. आमच्याकडं कोडचं तसंच चालायचं. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय पुढं जाणार नाही, असा नियम होता आणि तो सगळे पाळायचे. फक्त वाचायचं कुणी नाही. तू माझं मंजूर कर, मी तुझं करते. चहा यायच्या आत पाच-पाच मंजुऱ्या उरकायच्या. मीही त्यातलीच, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी जन्मापासून हरिश्चंद्राची नात आहे.

ऑफिस जालना रोडला, टाइल्सच्या एका दुकानाच्या वर. चौदा माणसं. आम्ही जुन्या पॉवर प्रेसवर बसवायच्या पॅनलचं सॉफ्टवेअर करतो. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्यातून गाडीचे सुटे भाग ठोकून काढणारं यंत्र. माणूस हातानं पत्रा आत ठेवतो, हात काढतो, पायानं पेडल दाबतो आणि वरचा ठोकळा खाली येतो. हात काढायला उशीर झाला तर काय होतं, ते या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहून लोकांचे हात बघावेत.

त्यासाठी प्रेसच्या तोंडाशी दोन उभ्या पट्ट्या लावतात. एकीतून दुसरीकडं न दिसणारे किरण जातात आणि मधे हात आला की यंत्र थांबतं. कामगार त्याला पडदा म्हणतात. नव्या मोठ्या कारखान्यांत याची व्यवस्था निराळी असते. आम्ही जातो ते छोट्या शेडमधल्या, तीस-तीस वर्षं चाललेल्या प्रेसवर, आणि तिथं पडद्याचं म्हणणं ऐकून यंत्र थांबवायचं काम आमचं पॅनल करतं. प्रत्येक प्रेसला थांबायला वेगळा वेळ लागतो. जुनी असली की जास्त. म्हणून प्रत्येक यंत्राची स्वतःची एक छोटी फाइल असते. पडदा चालू की बंद, किती आधी ब्रेक मारायचा, एवढंच त्यात. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडं पाठवायचं तेव्हा या सगळ्या फाइली एका जागेवरून उचलून एका गाठोड्यात कॉपी करायच्या असतात. त्या गाठोड्याला आम्ही पॅकेज म्हणतो, आणि ते बांधणारा जो कोड, त्याची ही गोष्ट आहे.

कॉपी करणाऱ्या कोडकडं कुणी मान वर करून बघत नाही. ऑफिसात त्याला हमालीचं काम म्हणतात. इथली वस्तू तिथं ठेवायची, त्यात अक्कल कसली. मला हे वाक्य पहिल्यापासून खटकायचं, कारण दुष्काळी सालांत आमच्या घरच्यांनी हमालीही केली आहे आणि हमालाला कुठलं पोतं कुणाचं हे कळावं लागतं. पण खटकलं तरी मी बोलत नव्हते. मी पॉलिटेक्निकच्या डिप्लोमावाली आणि तेही कंत्राटावर. चार वर्षं दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा. त्या महिन्याच्या शेवटी मात्र कायम करायचं पत्र मिळणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. पत्र मालकांच्या टेबलावर आहे, फक्त सही बाकी आहे, हे मला पाच जणांनी येऊन सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी आमच्या टीमच्या सरांचा कोड माझ्याकडं मंजुरीला आला. सर म्हणजे मला इथं घेणारा माणूस. बाकीचे माझ्या डिप्लोमाकडं बघून नाक मुरडत होते तेव्हा त्यांनीच मला बसवून काम शिकवलं. त्यांचं काम मी नेहमी डोळे मिटून मंजूर करायचे, त्यात मला आदर वाटायचा. त्या दिवशीही केलं असतं. पण चहावाला उशिरा आला. चहा नाही, करायला दुसरं काही नाही, म्हणून मी घडी उलगडली. कारण एवढंच. ते मोठं करून सांगण्यात अर्थ नाही.

चारच ओळी नव्या होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांत असं लिहिलं होतं: यंत्राची फाइल सापडली तर कॉपी कर. नाही सापडली तर नमुना फाइल उचल, तिला त्या यंत्राचं नाव दे आणि पुढं चल. सगळ्यात शेवटी फाइली मोज. सगळी यंत्रं मिळून एकतीस, तेवढ्या भरल्या तर ‘सर्व ठीक’ असं लिही.

नमुना फाइल मला पाठ होती. ती आम्ही ऑफिसच्या टेबलावर पॅनल तपासायला वापरतो. टेबलावर प्रेस नसते, पडदा नसतो, म्हणून तिच्यात पहिलीच ओळ आहे, पडदा बंद.

मी ती चार ओळींची जागा कितीतरी वेळ बघत बसले. मग बाजूच्या चौकटीत प्रश्न लिहिला, की फाइल सापडली नाही तर थांबायला नको का. दोन मिनिटांत सर स्वतः खुर्ची ओढत आले. त्यांनी शांतपणे समजावलं. बिडकीनच्या कारखान्याच्या तीन फाइली आलेल्याच नाहीत, त्यामुळं पॅकेज दिवसातून दहा वेळा मधेच अडतंय. सोमवारी संध्याकाळी माल द्यायचाय. बिडकीनवाले फाइली पाठवतील तेव्हा त्या आपोआप नमुन्याची जागा घेतील. तोवर काम तर चालू राहील. आणि शेवटी मोजणी आहेच की.

मी म्हटलं, मोजणी जुळेल, पण माल तोच आहे हे त्यावरून कसं कळणार. ते हसले. चार ओळींसाठी किती वेळ बसणार आहेस, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, या महिन्यात तरी अडून बसू नकोस, तुझं पत्र टेबलावर आहे. धमकी नव्हती ती. त्यांना माझी काळजीच होती, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. धमकीला उत्तर देता येतं. काळजीनं माणसाचं तोंड बंद होतं.

मी मंजुरी दिली नाही आणि नाकारलंही नाही. सोमवारी बघते म्हणाले. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस होतं, तो मी दुसऱ्याच कामात डोकं घालून काढला आणि सिडकोच्या स्टँडवरून घरची बस धरली.

घर करमाडच्या पुढं आत. आमचे अण्णा मेंढरं राखतात. एकेकाळी शंभरावर होती, आता वीस-पंचवीस असतील. ‘असतील’ म्हणते, कारण आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते, असं म्हणतात. लहानपणी मला हे अडाणीपणाचं लक्षण वाटायचं. शाळेत गणितात पहिली यायचे, आणि बापाला स्वतःची मेंढरं किती ते सांगता येत नाही याची लाज वाटायची.

रविवारी सकाळी अण्णा मेंढरं बाहेर काढत होते. वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, तोंडाशी उभं राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवत सोडायची, ही त्यांची पद्धत. माझ्या डोक्यात फाइलीच होत्या, म्हणून मी विचारलं की न मोजता एखादी कमी आहे हे कळतं कसं. अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. हात चालूच होता. म्हणाले, मोजून तरी काय कळतं. मग त्यांनी तळ्यावरची गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका धनगराचा कळप आणि आपला कळप पाण्यावर एकात एक मिसळले. तो धनगर शिकलेला, त्यानं दोन्ही बाजूंची मेंढरं मोजली, तुमची तुम्हांला, आमची आम्हांला, हिशेब बरोबर. अण्णा त्या दिवशी तापानं फणफणलेले, त्यांनी हात न लावता कळप आणला. घरी आल्यावर एक कोकरू रात्रभर ओरडत राहिलं. त्याची आई गेली होती त्या कळपात, आणि तिच्या जागी त्यांची एक आली होती.

“मोजणी बराबर व्हती,” अण्णा म्हणाले. “मेंढीच दुसऱ्याची व्हती.”

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर कुठं कुठं काय काय चिकटवलेलं आहे, चांगली कामं कशी करावीत त्याचे बारा नियम वगैरे. त्या बारांत हे वाक्य नाही. मला त्या क्षणी स्वतःच्या डिप्लोमाचा नाही, चार वर्षांच्या ऑफिसचा कमीपणा वाटला.

दादा ओट्यावर चहा पीत बसला होता. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शेंद्र्याला प्रेसवर आहे. त्याच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं सात वर्षांपूर्वी एका शेडमध्ये गेली. तेव्हा तिथं पडदाच नव्हता. तो त्याबद्दल बोलत नाही आणि दुसऱ्यानं हळहळ केलेली त्याला खपत नाही. कप तो उरलेल्या बोटांत असा धरतो की नव्या माणसाच्या लक्षातही येऊ नये. मी त्याच्याशेजारी बसले आणि विचारलं की प्रेसमध्ये हात घालायच्या आधी तू काय बघतोस.

“दिवा,” तो म्हणाला. “हिरवा असला की हात घालायचा. अजून काय बघायला टाइम असतो व्हय?”

हिरवा दिवा आमच्याच पॅनलवर असतो. आणि मला माहीत होतं की पडदा बंद करून ठेवला तरी तो दिवा हिरवाच राहतो. कारण ‘मधे काही आडवं आलेलं नाही’ एवढंच तो सांगतो, आणि बंद पडद्याला मधे आलेलं कधी दिसतच नाही. ऑफिसच्या टेबलावर मी तो हिरवा दिवा हजारदा बघितला होता. त्याच्याखाली कुणाचा हात असतो, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भावाचा हात समोर असताना आलं नव्हतं.

मी विचारलं, दिवा खोटा असला तर.

दादानं कप खाली ठेवला. “दिवा कसा खोटा बोलंल? दिवा बोलतो व्हय? तुमच्या हापिसातलं कुणीतरी खोटं बोलत असंल.”

सोमवारी मी साडेआठला ऑफिसात होते. सरांच्या चार ओळी वापरून मी माझ्या कॉम्प्युटरवर पॅकेज बांधलं. ‘एकतीस फाइली. सर्व ठीक,’ असं आलं. मग मी ते गाठोडं सोडलं आणि एकेक फाइल उघडून दुसरीशी ताडून बघितली. अठ्ठावीस फाइली एकमेकींपासून वेगळ्या, त्या त्या यंत्राच्या. तीन फाइली मात्र अक्षरशः एकच. वर नावं बिडकीनच्या तीन प्रेसची आणि आत नमुना. मी ‘नामंजूर’ वर बोट ठेवलं, दाबलं, आणि खाली कारण लिहिलं. आमच्याकडं असली कारणं इंग्रजीत लिहायची पद्धत आहे. मी मराठीत लिहिलं. प्रेसवर काम करणारा माणूस उद्या हे वाचायला बसला तर त्याला कळलं पाहिजे, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी मस्तीही होती.

दहा वाजता मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. सर आधीच तिथं बसले होते, मान खाली घालून. मालक वाईट माणूस नाहीत. शून्यातून धंदा उभा केलाय, दिवाळीला सगळ्यांच्या घरी स्वतः येतात. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, तीन सारख्या फाइली बघितल्या, आणि म्हणाले की हे काय आज नवीन आहे का. सरांकडं वळून म्हणाले, सांगा तिला.

सरांनी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी बिडकीनला पहिलं पॅकेज गेलं तेव्हाही त्या तीन फाइली आलेल्या नव्हत्या. तेव्हा पॅकेज हातानं बांधायचो. फाइलीशिवाय पॅनल सुरूच होईना, म्हणून सरांनी नमुना फाइल त्या तीन नावांनी टाकली. तात्पुरती. आठवड्यानं बदलू म्हणून टाकली आणि मग कामाच्या रेट्यात विसरली. आता नव्या पद्धतीत कोड मूळ जागेवरून फाइली उचलायला गेला, तिथं त्या कधी नव्हत्याच, म्हणून तो अडायला लागला. म्हणजे तो कोड बिचारा आठवडाभर बरोबर बोलत होता, आणि आम्ही सगळे मिळून त्याचं तोंड दाबायला निघालो होतो.

मी म्हटलं, म्हणजे बिडकीनच्या तीन प्रेस आठ महिने पडद्याशिवाय चालतायत.

मालक म्हणाले, आठ महिने काही झालं का? मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. जुन्या पॅकेजची नोंद होती. बांधणाऱ्याच्या जागी सरांचं नाव होतं.

“आणि मंजूर कुणी केलं होतं?” मालक म्हणाले.

माझं नाव होतं. वेळ होती दुपारी चार वाजून दोन मिनिटं. चहाची वेळ.

मला ते आठवत नव्हतं. किती आठवायचा प्रयत्न केला तरी आठवेना, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. लाज वाटली. केबिनमधून उठून थेट जिना उतरून जावं असं वाटलं, आणि मालकांनाही तेच हवं होतं. माणसाला त्याची चूक दाखवली की तो गप्प बसतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. माझ्या बाबतीत तो चुकला. लाजेच्या मागोमाग असा संताप आला की चार वर्षं जपून बोललेली शहरी भाषा त्या केबिनमध्ये गळून पडली.

“व्हय, मीच केलं,” मी म्हटलं. “म्हणूनच आता करणार नाय.”

मालकांनी मधला मार्ग काढला. मंजुरी नको देऊ, दुसरा देईल. बिडकीनच्या फाइली मागवून घेऊ आणि पुढच्या पॅकेजात गुपचूप टाकू. गिऱ्हाइकाला घाबरवायचं कशाला. मी म्हटलं, पुढचं पॅकेज कधी, आणि त्या तीन प्रेसवर आज सकाळच्या पाळीत माणसं बसली आहेत, त्यांच्या हातांचं काय. मला आत्ता बिडकीनला फोन करायचाय. मालक म्हणाले की फोन केलास तर तुझं पत्र माझ्या टेबलावरच राहील. हे ते ओरडून म्हणाले नाहीत. पेपरवेट इकडचं तिकडं करत म्हणाले.

माझ्याकडं बिडकीनचा नंबर नव्हता. मी मोबाइल हातात घेऊन उभी होते आणि नंबर नव्हता, इतकी माझी तयारी. तेव्हा सरांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. त्यांची कायमची नोकरी होती, दोन मुलं कॉलेजात होती आणि चूक मुळात त्यांची होती. तो फोन देणं माझ्या नामंजुरीपेक्षा जड होतं, हे मी तेव्हाही जाणलं. बिडकीनच्या माणसाला मी तीन प्रेसचे नंबर वाचून दाखवले आणि थांबवायला सांगितलं. तो आधी वैतागला, मग कारण ऐकून शेडकडं धावला. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला, की थांबवल्या.

दुपारी सर आणि मी त्यांच्या मोटरसायकलवर पैठण रोडनं बिडकीनला गेलो. शेडमध्ये पोचलो तर तिन्ही प्रेससमोर माणसं घोळका करून उभी. मेंटेनन्सवाला म्हणाला, आधी दाखवा, मग मानतो. त्याचंही बरोबर होतं. पत्र्याची यंत्रं बंद ठेवून त्यानं शिव्या खाल्ल्या होत्या.

सरांनी कोपऱ्यातली एक लाकडी पट्टी घेतली. प्रेस सुरू केली. दिवा हिरवा. सरांनी पट्टी पडद्यातून आत धरली, जिथं माणसाचा हात असतो तिथं, आणि पेडल दाबायला सांगितलं. दिवा हिरवाच राहिला आणि ठोकळा खाली आला. पट्टीचा पुढचा तुकडा खालच्या ट्रेमध्ये पडला. सर हातातला उरलेला तुकडा धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडं बघितलं.

मग आम्ही मोजमापं घेतली. कुठली प्रेस किती वेळात थांबते, ते पुन्हा पुन्हा. तिसऱ्या प्रेसचा ब्रेक इतका झिजलेला होता की ती लवकर थांबेचना, ती त्यांना दुरुस्तीलाच काढावी लागली. उरलेल्या दोघींच्या फाइली तिथंच शेडमध्ये स्टुलावर बसून लिहिल्या, टाकल्या, आणि सरांनी परत पट्टी आत घातली. या वेळी ठोकळा अधांतरी थांबला आणि दिवा लाल झाला. कुणीतरी टाळी वाजवली. मला ती टाळी सहन झाली नाही.

तिसऱ्या प्रेसवरचे काका पन्नाशीच्या पुढचे होते. सगळं होईपर्यंत ते स्वतःच्या बंद यंत्राला टेकून बघत होते. आम्ही निघताना जवळ आले.

“ताई, एक विचारू का? मग आठ महिने ह्यो दिवा कशाचा लागत व्हता?”

सर काहीतरी सांगायला लागले, तांत्रिक बिघाड वगैरे. मी त्यांना थांबवलं.

“नुसताच लागत होता, काका. ज्या कागदाच्या भरवशावर तो लागला त्यावर मंजुरीची सही माझी आहे. मी न वाचता केली.”

काका माझ्याकडं बघत राहिले. आता बोलतील, चार शिव्या देतील, असं वाटलं, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले, बोटं पसरून, आधी पालथे, मग उताणे. माझी समजूत काढायला.

“हायेत ना दहाच्या दहा. जाऊ द्या आता.”

शिव्या दिल्या असत्या तर त्या रात्री मी झोपले असते.

मंगळवारी सरांनी त्या चार ओळी स्वतः काढल्या. आता फाइल सापडली नाही की पॅकेज थांबतं आणि कुठल्या यंत्राची फाइल नाही ते नावानिशी सांगतं. वर सरांनी अजून एक गोष्ट केली: दोन यंत्रांच्या फाइली अक्षरशः सारख्या निघाल्या तरी पॅकेज थांबतं. तो कोड मी तीनदा वाचला, एक चूक काढली, त्यांनी दुरुस्त केली, मग मंजूर केला. त्या दिवशी चहा गार झाला.

आणि मग मी आठ महिन्यांपूर्वीची ती जुनी नोंद उघडली. दुपारी चार वाजून दोन मिनिटांच्या माझ्या मंजुरीखाली लिहिलं: ‘हे पॅकेज मी न वाचता मंजूर केलं. यात बिडकीनच्या तीन प्रेसचे पडदे बंद होते. आठ महिने त्या तशा चालल्या.’ खाली माझं नाव टाकलं.

मालकांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. बिडकीनचं प्रकरण निस्तरलं होतं, गिऱ्हाईक टिकलं होतं, उलट खूश होतं. मालकही निवळले होते. टेबलावर माझं पत्र उघडं ठेवलेलं होतं आणि शेजारी पेन. सही करायला तयार होते, अगदी मनापासून. फक्त एक गोष्ट होती. ही नोंद मोठी गिऱ्हाइकं तपासायला मागतात, उद्या कुणी ती ओळ वाचली तर कंपनीची अब्रू जाईल. तुझीही जाईल, म्हणाले. तुझी ओळ तुलाच पुसता येते, तेवढी पुसून ये, मी सही करतो.

मी पत्र वाचलं. सगळं वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. चांगलं पत्र होतं. मग ते त्यांच्या बाजूला सरकवलं आणि म्हटलं, पुसायला सांगितलंत तर त्याखाली अजून एक ओळ लिहीन, की पुसायला सांगितलं होतं.

तेव्हापासून माझा कागद सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी नवा होतो. ऑफिसातली बरीच माणसं त्यांचा कोड माझ्याकडं पाठवत नाहीत. उशीर होतो म्हणतात. सर पाठवतात. दर तीन महिन्यांनी मालक विचारतात की ती ओळ अजून आहे का, आणि दर तीन महिन्यांनी मी सांगते की आहे.